रोजा नेमका कशाचा?

"एक घोट पाणीसुद्धा नाही?" रमजान लागला की ऑफिसात, कॉलेजात, शेजारीपाजारी रोजेदाराला हा प्रश्न हमखास विचारला जातो. नाही, पाणीसुद्धा नाही. पहाटे फजरची वेळ लागल्यापासून सूर्य मावळेपर्यंत खाणं नाही, पिणं नाही, विडी-सिगारेट नाही, शरीरसंबंध नाही. घरात कोणी निर्जळी एकादशी करत असेल तर त्याला हे समजायला जड जात नाही. अडचण पुढच्या प्रश्नाची आहे. हे सगळं कशासाठी? त्यावर जी उत्तरं ऐकायला मिळतात, ती बहुतेक वेळा अर्धवट असतात. मुसलमान देतात तीसुद्धा.

सगळ्यात लाडकं उत्तर म्हणजे गरिबांची भूक कळावी म्हणून. ऐकायला छान वाटतं. पण ज्याच्या घरी बाराही महिने ओढाताण, त्याला भूक शिकवायची काय गरज? तरी रोजा त्याच्यावर तेवढाच फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे, जेवढा बंगल्यात राहणाऱ्यावर. दुसरं उत्तर अलीकडचं, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणारं: शरीराची साफसफाई होते, वजन उतरतं. उतरतही असेल. पण फक्त वजन उतरावं म्हणून कोणी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत उपाशी राहिला, तर त्याचा रोजा होतच नाही. त्याने जेवण टाळलं, एवढंच.

मग कुरआन स्वतः काय कारण देतो? रमजान महिन्याचं नाव कुरआनात फक्त एकदा येतं आणि त्या महिन्याच्या रोजांचे नियमही एकाच ठिकाणी सापडतात: दुसऱ्या सूरहमध्ये (अध्यायात), म्हणजे सूरह बकरामध्ये, १८३ ते १८७ या पाच आयतींत (वचनांत). हा भाग ओळीने वाचत गेलं, तर रोजाचा अर्थ कळायला दुसऱ्या कशाची फारशी गरज पडत नाही. हे रोजे फर्ज झाले हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ मध्ये, मदिनेत. पैगंबर मुहंमद (स.) मक्का सोडून तिथे आले त्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पहिल्याच रमजानमध्ये मक्केवाल्यांशी बद्रची लढाई झाली. तेव्हा हा काही निवांत दिवसांत, ध्यानधारणेसाठी काढलेला महिना नव्हता.

पहिल्या आयतीचा आशय असा: श्रद्धावंतांनो, तुमच्या आधीच्या लोकांवर जसे रोजे लागू केले होते तसे तुमच्यावरही लागू केले आहेत, म्हणजे तुमच्यात तकवा येईल. 'आधीच्या लोकांवर' हे महत्त्वाचं. इस्लाम हा उपवास आपण नव्याने शोधून काढला असं म्हणतच नाही. मदिनेतले यहुदी मोहरमच्या दहाव्या दिवशी, आशुऱ्याला, हजरत मूसांच्या (मोझेसच्या) सुटकेची आठवण म्हणून उपवास करायचे. पैगंबरांनीही तो धरला आणि इतरांना धरायला सांगितला. रमजानचे रोजे फर्ज झाल्यावर तो ऐच्छिक राहिला. कुरआनात हजरत ईसांच्या (येशूंच्या) आई मरियम यांच्या एका व्रताचाही उल्लेख आहे. ते होतं न बोलण्याचं.

आणि कारण? तकवा. मराठीत याला सहसा 'ईशभय' म्हणतात, पण नुसत्या भीतीने काम भागत नाही. जुन्या भाष्यकारांनी एक संवाद नोंदवला आहे. पैगंबरांचे सहकारी आणि पुढचे खलिफा हजरत उमर यांनी उबय इब्न कआब या दुसऱ्या सहकाऱ्याला विचारलं, तकवा म्हणजे काय? उबय म्हणाले, कधी काट्याकुट्यांच्या वाटेने गेला आहात? गेलोय की. मग काय केलंत? कपडे आवरून, सावरून, जपून चाललो. उबय म्हणाले, तोच तकवा. बाभळीच्या रानातून धोतर किंवा नऊवारी आवरत गेलेल्या माणसाला याच्यापुढे काही समजावून सांगायला नको. वाट सोडायची नाही, थांबायचंही नाही, पण प्रत्येक पावलावर लक्ष ठेवायचं.

उपाशी राहून हे लक्ष कसं येतं? इथे रोजाचं खरं यंत्र आहे. रोजात माणूस काय सोडतो ते पाहा. दारू सोडत नाही. ती त्याला कायमचीच वर्ज्य आहे. चोरी, लाच, व्याज हेही कायमचंच वर्ज्य. रोजात तो सोडतो ते आपल्या हक्काचं, पूर्णपणे हलाल, म्हणजे धर्माने मान्य, असलेलं: माठातलं पाणी, स्वतःच्या कष्टाची भाकरी, स्वतःचा जोडीदार. काल दुपारी हे खाल्लं तर काही बिघडत नव्हतं, आज रात्री खाल्लं तरी बिघडणार नाही. मधले काही तास मात्र नाही, कारण तसं सांगितलं आहे. जो आपल्या हक्काचं समोर असताना हात आवरू शकतो, त्याला हक्काचं नसलेलं समोर आल्यावर हात आवरणं जमण्याची काहीतरी शक्यता असते. मनाच्या हट्टी, हावऱ्या बाजूला इस्लामी परंपरेत 'नफ्स' म्हणतात. रोजा म्हणजे या नफ्सला महिनाभर रोज 'थांब' म्हणण्याचा सराव.

आणि हा सराव कोणी बघत नसताना करायचा. नमाज चारचौघांना दिसते. जकात, म्हणजे सक्तीचं दान, घेणाऱ्याला तरी कळते. हजला जाणाऱ्याची बातमी अख्ख्या गावाला असते. रोजा मोडला तर कोणालाही कळत नाही. शिवाय रोजेदार दिवसातून अनेकदा वजू करतो (नमाजीआधी हात, तोंड, पाय धुणं), वजूत चूळ भरतो. वैशाखातली दुपार, घशाला कोरड, तोंडात थंडगार पाणी आलेलं, आणि तो ते थुंकून टाकतो. शेजारी उभ्या असलेल्याला दोन थेंब घशाखाली गेले की नाही हे कळायचा काही मार्ग नाही. दोनच पक्षांना ते माहीत असतं. एका प्रसिद्ध हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या नोंदवलेल्या वचनात, अल्लाहच्या तोंडी वाक्य आहे: माणसाचं प्रत्येक कर्म त्याचं स्वतःचं असतं, रोजा तेवढा माझ्यासाठी आहे आणि त्याचं फळ मीच देईन. सगळ्या उपासना देवासाठीच असताना रोजालाच हे विशेष स्थान का, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. त्यातलं सगळ्यात पटणारं उत्तर हेच की रोजा म्हणजे करणं नव्हे, न करणं. आणि न केलेलं कोणाला दाखवता येत नाही.

म्हणूनच सगळा भार नियतीवर, मनातल्या हेतूवर आहे. (ही नियत अरबी, आपल्या दैवातल्या नियतीशी तिचा संबंध नाही.) नियत तोंडाने पुटपुटलीच पाहिजे असं नाही, ती मनात असावी लागते. कधीपर्यंत करावी यात पंथांचा फरक आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातच दिसतो. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. त्यांच्यात रमजानच्या प्रत्येक रोजाची नियत आदल्या रात्री, पहाट फुटायच्या आत करावी लागते. देशावरचे आणि मराठवाड्यातले बहुतेक हनफी. त्यांच्यात सकाळी जाग आली आणि काही खाल्लं-प्यायलं नसेल तर दुपार व्हायच्या आधीपर्यंत नियत चालते. तपशील वेगळा, पण हेतूशिवायचा रोजा हा रोजा नाही, यावर दोघांचं एकमत.

पोट रिकामं ठेवणं हा यातला सोपा भाग. पैगंबरांचं वचन आहे की जो खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडत नाही, त्याने खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला काही गरज नाही. आणखी एक: कित्येक रोजेदार असे असतात की त्यांच्या पदरात भुकेशिवाय काही पडत नाही. कोणी भांडायला आला, शिवी दिली, तर काय करायचं? 'मी रोजेदार आहे' एवढं म्हणायचं. आमच्याकडे पुष्कळदा उलटं होतं. रोजा आहे म्हणून पारा चढलेला असतो आणि घरातले सगळे जपून वावरतात. असरनंतर, म्हणजे संध्याकाळचे शेवटचे दोन तास, रस्त्यावरच्या हॉर्नचे आवाजही वाढतात. भूक त्यांची, रोजा कोणाचा, हा प्रश्न तेव्हा विचारावासा वाटतो.

कुरआनाने पाठीमागे निंदा करण्याला मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा दिली आहे. हे रमजानशी जोडून सांगितलेलं नाही, ४९व्या सूरहमध्ये वेगळंच आलं आहे. पण रोजाच्या दिवशी ते आठवलं की अंगावर येतं. दिवसभर भाताचं शीत तोंडात गेलेलं नाही आणि दुपारी ओट्यावर बसून तासभर जावेची नाहीतर साहेबाची चिरफाड चाललेली आहे.

या साऱ्याची नीट मांडणी केली ती इमाम गझाली यांनी (१०५८–११११). इराणातल्या तूसचे हे विद्वान. त्यांनी रोजाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली सर्वसामान्यांची: पोट आणि वासना आवरणं. दुसरी विशेष लोकांची: डोळे, कान, जीभ, हात, पाय या सगळ्यांचा रोजा. तिसरी अगदी थोड्यांची: मनात अल्लाहखेरीज दुसरं काही येऊच न देणं. तिसरी पायरी संतांसाठी सोडून देऊ. गझालींचा खरा रोख दुसरीवर आहे. जो हलाल अन्न सोडतो आणि हराम कृत्याने रोजा 'उघडतो', तो एक महाल बांधून अख्खं शहर पाडणाऱ्यासारखा आहे, असं ते म्हणतात.

इफ्तारच्या ताटावरही त्यांची नजर होती. दिवसभराचं राहिलेलं सगळं संध्याकाळी एकदम भरून काढलं, शिवाय वर्षभर खाल्ले नसतील असे पदार्थ या महिन्यात खाल्ले, तर नफ्स दुबळी होण्याऐवजी आणखी माजते, अशी त्यांची तक्रार आहे. म्हणजे 'एकादशी, दुप्पट खाशी' हे अकराव्या शतकातल्या इराणातही होतं. मुंबईत मिनारा मशिदीखाली रात्री मालपुव्यांच्या कढया उकळत असतात आणि फिरनीच्या कुल्हडांच्या राशी लागलेल्या असतात. तिथे गझाली आले असते तर खूश झाले नसते. मालपुव्याशी माझं वैर नाही. पण रमजानची ओळख केवळ खाऊगल्ली म्हणून होते, तेव्हा गंमत होते खरी. न खाण्याचा महिना खाण्यासाठी प्रसिद्ध झाला आहे.

दिवसा फार झोपू नये, असंही गझालींनी सांगितलं आहे, म्हणजे भूक-तहान जाणवेल आणि आपली शक्ती किती तोकडी आहे हे कळेल. रात्रभर जागून दिवसभर पांघरूण ओढणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता पुन्हा त्या आयतींकडे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आयतीत सवलती आहेत. आजारी आहात, प्रवासात आहात, तर नंतर कधीतरी तेवढे दिवस भरून काढा. ज्यांना रोजा धरणं झेपतच नाही त्यांनी प्रत्येक दिवसामागे एका गरिबाला जेवू घालावं. याला फिद्या म्हणतात. पाळीच्या दिवसांत बाईने रोजा धरायचाच नाही, नंतर कजा करायचा, म्हणजे भरून काढायचा. आणि मग वाक्य येतं: अल्लाहला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, अवघडपणा नको. रोजा म्हणजे शरीराला पीडा असं समजणाऱ्यांना हे वाक्य दाखवावं. सूर्य मावळला की लगेच रोजा उघडावा, ताणू नये. सहरी, म्हणजे पहाटेआधीचं जेवण, खावी, तिच्यात बरकत आहे. रात्रही न खाता दिवसाला दिवस जोडत जाणं पैगंबरांनी अनुयायांना मना केलं. अब्दुल्लाह इब्न अम्र नावाचे एक तरुण सहकारी रोज रोजा धरायचे आणि रात्रभर नमाज पढायचे. त्यांना पैगंबरांनी सांगितलं की तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, डोळ्यांचा आहे, बायकोचा आहे.

हिजरी सन ८ मध्ये मक्केकडे कूच होती तीही रमजानमध्येच. वाटेत लोकांना रोजा जड जाऊ लागला. पैगंबरांनी पाण्याचं भांडं मागवलं, सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं आणि प्यायले. तरीही काही जण रोजा धरून आहेत, असं नंतर त्यांना कळलं. ते म्हणाले, हे लोक आज्ञा मोडणारे आहेत. पाणी प्यायलेले नव्हे, न प्यायलेले!

याहून लोभस गोष्ट एका माणसाची आहे. तो धावत आला, म्हणाला, माझं वाटोळं झालं, रोजात असताना बायकोजवळ गेलो. पैगंबरांनी प्रायश्चित्त सांगितलं: गुलाम मुक्त करू शकतोस? नाही. सलग दोन महिने रोजे? नाही. साठ गरिबांना जेवण? तेही नाही. तेवढ्यात कोणीतरी खजुरांची टोपली आणून दिली. पैगंबर म्हणाले, ही घे, दान कर. तो म्हणाला, मदिनेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या घरापेक्षा गरीब घर नाही. पैगंबर दात दिसेपर्यंत हसले आणि म्हणाले, मग घरच्यांनाच खाऊ घाल. प्रायश्चित्त करायला आलेला माणूस टोपली घेऊन घरी गेला.

तिसऱ्या आयतीतच महिना निवडण्याचं कारण आहे: रमजानमध्ये कुरआन अवतरायला सुरुवात झाली. मक्केजवळच्या हिरा गुहेत, इ.स. ६१० च्या सुमारास. म्हणून रात्री तरावीहच्या, म्हणजे रमजानातल्या खास, नमाजीत हाफिज, म्हणजे कुरआन मुखोद्गत असलेला माणूस, तीसही पारे (भाग) क्रमाने म्हणतो. दिवसा पोट रिकामं आणि रात्री कानांवर वचन, अशी ही जोडी आहे. त्यातलं फक्त पहिलं बाहेरच्यांना ठाऊक असतं. शेवटच्या दहा रात्रींतल्या एका विषम रात्री शबे कद्र असते, म्हणजे कुरआन अवतरला ती रात्र, हजार महिन्यांहून श्रेष्ठ. नेमकी कोणती ते सांगितलेलं नाही, म्हणून शोधत राहायचं. आपल्याकडे सत्ताविसाव्या रात्री मशिदी भरतात. काही जण हे दहा दिवस एतेकाफला बसतात, म्हणजे मशिदीतच मुक्काम.

महिना चांद्र असल्याने दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरतो. अधिक महिना घालून त्याला एका ऋतूत बसवायला कुरआनाने मनाई केली आहे. त्यामुळे चंद्रपूरच्या माणसाच्या वाट्याला कधी डिसेंबरचे आखूड दिवस येतात, कधी मे महिना. निवडायची सोय नाही, आणि माझ्या मते ही सोय नसणं हाही त्याच शिकवणीचा भाग आहे.

चौथी आयत वाचताना मात्र थांबायला होतं. आधी रोजाचे नियम, पुढे पुन्हा रोजाचे नियम, आणि मध्येच ही आयत, जिच्यात रोजाचा शब्दही नाही. आशय असा: माझे बंदे तुला माझ्याबद्दल विचारतील तेव्हा, मी जवळच आहे. हाक मारणारा हाक मारतो तेव्हा मी ओ देतो. बस. कुरआनात इतर ठिकाणी 'ते तुला विचारतात' असं आलं की पुढे बहुधा 'तू सांग' असं येतं. इथे 'तू सांग' नाही. मधला निरोप्याच काढून टाकला आहे आणि उत्तर थेट दिलं आहे. तोंडात आलेलं पाणी थुंकून टाकणारा माणूस ज्याच्या भरवशावर ते थुंकतो, तो किती जवळ आहे, याचं हे उत्तर. इफ्तारच्या आधीची काही मिनिटं, समोर खजूर-पाणी मांडलेलं असताना, लोक हात पसरून दुआ मागतात, ती या आयतीच्या आधारावर.

पाचवी आयत रात्रीची मोकळीक देते. नवरा-बायको एकमेकांचं वस्त्र आहेत, असं सुंदर वाक्य तिच्यात आहे. पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा-प्या, असंही ती सांगते. अदी इब्न हातिम यांनी हे शब्दशः घेतलं, उशाखाली दोन दोरे ठेवले आणि रात्रभर बघत बसले. पैगंबरांनी त्यांना समजावलं की हा दिवसाचा उजेड आणि रात्रीचा अंधार आहे.

रोजाचा विषय इथे संपतो, असं सगळे सांगतात. मला मात्र त्याच्या लगेच पुढची, १८८वी आयत, याच मालिकेतली वाटते. तिचा आशय: एकमेकांचा पैसा अन्यायाने खाऊ नका, आणि लोकांच्या मालमत्तेचा वाटा गिळण्यासाठी अधिकाऱ्यांपर्यंत पोचवू नका. म्हणजे लाच देऊ नका. आता सुरुवातीची गोष्ट आठवा: हलाल सोडायचा सराव कशासाठी? पाच आयती आपलं अन्न काही तास सोडायला शिकवतात आणि सहावी दुसऱ्याचं अन्न कायमचं सोडायला सांगते. सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव उडवून, तलाठ्याचा खिसा गरम करून, संध्याकाळी खजुराने रोजा उघडणाऱ्याला या आयतीने काही शिल्लक ठेवलेलं नाही.

गरिबांची भूकही इथेच येते. ती रोजाचा हेतू नाही, त्याला लागलेलं फळ आहे. दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया (मृत्यू १३२५) वर्षातले बहुतेक दिवस रोजा धरायचे. सहरीला समोर ताट आलं की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. इतके गरीब मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या ओट्यांवर उपाशी झोपले आहेत, मी कसा जेवू, असं म्हणून रडायचे. त्यांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दख्खनमध्ये आले; त्यांची दर्गाह खुलताबादला आहे.

ज्यांना असे अश्रू येत नाहीत त्यांच्यासाठी शरियतने हिशेबी सोय केली आहे: फित्रा. ईदच्या नमाजीआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळामागेसुद्धा, ठरावीक मापाचं धान्य किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची. हदीसमध्ये त्याची दोन कारणं एकत्रच आली आहेत: रोजात झालेल्या वायफळ बोलण्याची शुद्धी आणि गरिबांच्या पोटाची सोय. ईदच्या दिवशी कोणाला मागत फिरावं लागू नये.

आणि त्या ईदच्या दिवशी रोजा धरणं हराम आहे. काल ज्या वेळी पाण्याचा घोट घेणं गुन्हा होता, त्याच वेळी आज उपाशी राहणं गुन्हा. भुकेतच काही पावित्र्य असतं तर असा नियम झाला नसता. पैगंबर त्या सकाळी ईदच्या नमाजीला निघण्याआधी काही खजूर खायचे, विषम संख्येत. आपल्याकडे त्या खजुरांचा शीरखुर्मा होतो.